लिस्टमध्ये नसलेलं घर

शुक्रवार, संध्याकाळचे साडेसहा. लोअर परळच्या ऑफिसात सगळ्यांचा वीकएण्ड मूड ऑन झालेला. कुणी अलिबागला निघालंय, कुणी नुसतंच झोपणार आहे. मीही पीसी शट डाऊन करून सॅक खांद्याला लावली, आणि तेवढ्यात काकांचा फोन. आमचे काका वॉट्सअॅपच्या भानगडीत पडत नाहीत. थेट फोन करतात आणि थेट मुद्द्याचं बोलतात.

"रविवारी येशील का चिंचणीला? सही करायचीय."

"कसली सही काका?"

"घराची. गिऱ्हाईक आलंय."

बस्स, एवढंच. बावीस सेकंदांचा कॉल.

खरं सांगू? पहिल्यांदा डोळ्यात पाणीबिणी काही आलं नाही. पहिल्यांदा मी लिफ्टमध्ये उभी राहून मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर हिशेब केला. बाबा गेल्यामुळे त्यांचा वाटा माझा. तो मिळाला तर मीरा रोडच्या माझ्या वन बीएचकेच्या लोनची सहा वर्षं उडत होती. सहा वर्षं! दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा येणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, सहा वर्षं म्हणजे काय ते.

तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं आणि मग घर आठवलं. ओटीवरचा झोपाळा, कडीपाटाखालचा गार अंधार, मे महिन्यात माळ्यावर पसरलेल्या आंब्यांचा वास. तुमच्यापैकी अनेकांचं असं एखादं घर कुठेतरी असणारच. आपण तिथे राहत नाही, वर्षातून दोनदा जातो, फोटो काढतो, खाली 'होम' असं लिहितो आणि रविवारच्या गाडीने परत येतो. तसंच माझंही.

कूरॉसची बाई

त्या रात्री मला कूरॉस आठवत राहिलं. २०२३ मध्ये कंपनीने चार महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं होतं, एडिंबराला. एका शनिवारी टीममधले आम्ही तिघं फोर्थच्या खाडीपलीकडच्या या गावात गेलो होतो. टीव्हीवरच्या 'आउटलँडर' मालिकेचं शूटिंग तिथे झालंय, म्हणून आमच्यातल्या एकीचा हट्ट. फरसबंदी गल्ल्या, पिवळट रंगाची बुटकी घरं आणि वर लाल कौलं. हो, चक्क कौलं! फ्लँडर्स आणि हॉलंडकडून परतणाऱ्या जहाजांतून वजनासाठी ही कौलं यायची, असं तिथे सांगतात. मला तर थेट चिंचणीच्या गल्लीत उभं राहिल्यासारखं वाटलं. फक्त स्वेटर घालून.

तिथे एका घराबाहेर कुंड्यांना पाणी घालणाऱ्या बाईंशी गप्पा झाल्या. त्यांचं घर 'लिस्टेड' होतं, आणि त्या वैतागल्या होत्या. खिडकी बदलायची तर परवानगी, दार बदलायचं तर परवानगी. स्कॉटलंडमध्ये अशा सुमारे ४७ हजार इमारती यादीत आहेत, ए, बी आणि सी अशा तीन वर्गांत. यादीत नाव आलं म्हणजे घराचं म्युझियम होत नाही, लोक आरामात राहतात. पण घराचं रूप बदलणारं काम करण्याआधी नगरपालिकेची संमती लागते, आणि ती न घेता केलं तर तो गुन्हा ठरतो.

"मग विकून का नाही टाकत?" मी आपलं मुंबईकर लॉजिक लावलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, वैताग घराचा नाही, खिडकीचा आहे.

त्या गावातलं सगळ्यात नावाजलेलं घर म्हणजे कूरॉस पॅलेस. नावात राजवाडा असला तरी ते राजाचं नाही. सर जॉर्ज ब्रूस नावाच्या, कोळसा आणि मिठाच्या धंद्यात पैसा कमावलेल्या व्यापाऱ्याने १५९७ पासून ते टप्प्याटप्प्याने बांधलं. पुढे गाव ओस पडत गेलं, घरं ढासळू लागली. १९३१ मध्ये तिथे नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था स्थापन झाली, आणि दुसऱ्याच वर्षी तिने हे घर ७०० पौंडांना विकत घेतलं. मग आसपासची छोटी घरंही घ्यायला सुरुवात केली.

१९६० मध्ये त्यातूनच एक झकास योजना निघाली. पडकं घर विकत घ्यायचं, नीट दुरुस्त करायचं, 'याचं रूप मोडायचं नाही' अशा अटीसह राहणाऱ्या माणसाला विकायचं, आणि आलेल्या पैशातून पुढचं पडकं घर घ्यायचं. एकच पैसा, पण घरामागून घर फिरणारा. आपल्याकडची भिशी कशी फिरते, तसा!

यादीत कोण बसतं?

तर शुक्रवारची ती रात्र मी लॅपटॉपपुढे काढली. आपल्याकडेही याद्या आहेतच की! मग आमचं घर त्यातल्या कुठल्या यादीत बसतं?

पहिली यादी केंद्राची. १९५८ चा कायदा. वास्तू किमान शंभर वर्षं जुनी हवी आणि राष्ट्रीय महत्त्वाची हवी. आमचं घर पहिल्या अटीत पास. दुसऱ्या अटीत आमच्या घराचं राष्ट्रीय महत्त्व म्हणजे आजीचं लोणचं, तेव्हा नापास.

दुसरी यादी राज्याची. राज्याने जपलेली घरं आठवून बघा. रत्नागिरीतलं टिळकांचं जन्मघर, भगूरचं सावरकरांचं घर, नायगावचं सावित्रीबाईंचं घर. ती जपायलाच हवीत, प्रश्नच नाही. पण लक्षात आलं का? आपल्याकडे घर यादीत जातं ते बहुतेक वेळा तिथे कोण जन्मलं यावरून. आमच्या घरात कोण जन्मलं? बाबा, काका, आत्या. एक जण पोस्टात, एक जण शाळेत, एक जण संसारात. पाटी कुणाच्या नावाची लावणार?

तिसरी यादी मुंबईची. १९९५ मध्ये मुंबईत हेरिटेज नियमावली लागू झाली. देशातल्या कुठल्याही शहरातली ही अशी पहिली. तिच्यात तीन श्रेणी. पहिलीत राष्ट्रीय महत्त्वाच्या इमारती, दुसरीत प्रादेशिक किंवा स्थानिक महत्त्वाच्या, आणि तिसरीत वस्तीला चेहरा देणाऱ्या. ही तिसरी श्रेणी मला एकदम आवडली. कुणी जन्मायला नको, लढाई व्हायला नको, घराने नुसतं गल्ली शोभवली तरी पुरे. पण मुंबईचा नियम मुंबईपुरता. चिंचणी पडली विरारच्याही बऱ्याच पुढे.

तरी म्हटलं, तिसऱ्या श्रेणीतलं घर एकदा बघून तर येऊ. शनिवारी सकाळी चर्नी रोडला उतरले आणि खोताच्या वाडीत शिरले.

गिरगावातलं गाव

गिरगावच्या गर्दीतून खोताच्या वाडीत वळलं की कुणीतरी रिमोटवर म्यूट दाबल्यासारखं वाटतं. लाकडी जिने, रंगीत सज्जे, कौलारू छपरं, दारात क्रॉस. अठराव्या शतकाच्या शेवटी दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथले जमिनीचे तुकडे विकले. ते घेणाऱ्यांत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबं बरीच होती. त्यांनी आपल्या ऐपतीप्रमाणे घरं बांधली. 'अनंताश्रम'ची ती प्रसिद्ध मासळीची खानावळ इथलीच. आता बंद झाली, पण आई-बाबांच्या पिढीचा अजून जीव तुटतो तिच्यासाठी.

तर ही वाडी यादीत आहे, तिसऱ्या श्रेणीत. आणि तरीही एके काळच्या पासष्टेक घरांपैकी आज निम्मीही उरलेली नाहीत. मान वर केली की कौलांच्या मागे टॉवर दिसतो. तिसऱ्या श्रेणीत बदलांना बरीच मोकळीक असते. शिवाय घर दुरुस्त करायचा खर्च मालकाचा, आणि शेजारच्या टॉवरमधल्या फ्लॅटचा भाव मात्र त्याला रोज खिडकीतून दिसतो. जी घरं टिकली, ती कुणीतरी हट्टाने तिथेच राहिलं म्हणून टिकली. यादीने त्यांच्या हट्टाला थोडा आधार दिला, एवढंच.

येताना ट्रेनमध्ये मला जरा खट्टूच वाटलं. म्हणजे यादीत असूनही घरं जातात. मग यादीत नसलेल्या घराचं काय?

वाणगावला उतरून

रविवारी पहाटे विरारला गाडी बदलून डहाणू लोकल पकडली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली आणि आमचं गाव एकदम मुंबईच्या जवळ आलं. पुढच्या वर्षी, १ ऑगस्ट २०१४ ला, ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. वाणगावला उतरायचं, रिक्षात बसायचं, आणि वारा खारट लागला की समजायचं, चिंचणी आली.

चिंचणी म्हटलं की लोकांना समुद्रकिनारा तेवढा माहीत. खाडीच्या पलीकडे तारापूर. तिथला किल्ला घेताना १७३९ मध्ये बाजी भिवराव कामी आले, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत. त्याच तारापूरच्या नावाने १९६९ मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. आणि आमच्या चिंचणीत १९५५ साली ताम्रपट सापडले, त्यांतला एक चक्क इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणच्या परिसराचा कारभार एका अरब अधिकाऱ्याकडे होता. त्याचं नाव मुहम्मद, ताम्रपटात त्याचं झालंय 'मधुमती'. या माणसाने ओढ्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि संजाणात अन्नछत्र चालवलं. तिथे काय वाढायचे तेही लिहिलंय. भात, कालवण आणि तूप!

अकराशे वर्षांपूर्वीचा मेन्यू आपल्याला ठाऊक आहे, कारण तो कुणीतरी तांब्यावर लिहून ठेवला. आणि आमच्या घराचे खांब कुठल्या सुताराने कोरले, हे काकांनाही ठाऊक नाही.

गल्लीत शिरलं की हातोडीचा बारीक ठकठक आवाज येतो. आमच्याकडे, वरोरला, वाढवणला घरोघरी डाय बनवतात. म्हणजे सोन्याच्या दागिन्यांचे साचे. पोलादावर फूल-पान उलटं कोरायचं, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की नक्षी उठते. नक्षी कोरणारे हात गावात आहेतच, फक्त ते आता लाकडावर चालत नाहीत.

आणि मग आमचं घर. रस्त्याला लागून दगडी जोतं, तीन पायऱ्या, ओटा. आत ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि विहीर. सागाचे खांब, त्यांच्या माथ्यावर कोरलेली केळफुलं, वर कडीपाट, त्यावर माळा, त्यावर कौलं. घराचं वजन सगळं लाकडाच्या सांगाड्यावर, भिंती नुसत्या आडोशाला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले, लोक रात्री अंगणात झोपायला लागले, तेव्हा काका म्हणायचे, "घर कुरकुरतं, पण पडत नाही. म्हातारं माणूस उठताना कुरकुरतं तसं."

"पावसाळ्यात ये"

ओटीवर सगळे जमले होते. काका, काकी, वसईहून आत्या, आणि न्यू जर्सीचा चुलतभाऊ मोबाइलच्या स्क्रीनवर. टीपॉयवर कागद आणि दोन पेनं. काकीने ताडगोळे सोलून ठेवलेले.

गिऱ्हाईक आत्ताच का आलं, हे वेगळं सांगायला नको. आमच्या शेजारचं वाढवण. तिथलं बंदर १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं. त्याआधी, जून १९९१ मध्ये, केंद्राने अख्खा डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, आणि त्याच्या राखणीसाठी १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली हे प्राधिकरण आलं. वाड्यांना, खाडीला, हिरवाईला कायद्याचं कवच मिळालं. म्हणजे आमच्या मागच्या चिकूला राखणदार होता, ओटीच्या खांबांना नाही! पुढे ३१ जुलै २०२३ ला त्याच प्राधिकरणाने बंदराला मंजुरी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला होकार दिला आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. किनाऱ्यावरच्या लोकांचा विरोध वर्षानुवर्षांचा आहे, तो वेगळा विषय. पण जमिनीच्या गप्पा तेव्हापासून चहाच्या टपरीवरही सुरू झाल्या. आमच्या घराच्या जागी तीन मजले उठणार होते, खाली दुकानं, वर फ्लॅट.

मी तयारी करून गेले होते. कूरॉस सांगितलं, भिशीसारखे फिरणारे पौंड सांगितले, खोताची वाडी सांगितली, तिसरी श्रेणी सांगितली. प्रेझेंटेशन देते तसंच. स्क्रीनवरचा भाऊ म्हणाला, "वाव, सो नाइस." आत्याने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, जिंकलो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"झालं तुझं?" ते म्हणाले. "आता मी सांगतो. तू वर्षातून दोन दिवस येतेस. एकदा दिवाळीत, एकदा आंब्यांना. तेव्हा घर छान दिसतं. जुलैत ये. रात्री तीन वाजता कौल सरकतं आणि माळ्यावर पाणी येतं. माझे गुडघे गेलेत. मी शिडी चढू शकत नाही. शाकारणीला पूर्वी चार माणसं यायची, आता एक येतो, तोही मागच्या वर्षी पडला. वाळवीला औषध, रिपा बदलायच्या, सगळं मी बघतो. तुझे पौंड कुठून आणू?"

मी गप्प. काय बोलणार? काकांना पैसा नको होता. ते दमले होते. आणि त्यांच्या दमण्याला मी 'हेरिटेज' म्हणत होते.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आत्या बोलली. आत्या घरातल्या मीटिंगमध्ये सहसा बोलत नाही.

"मला आधी कुणी विचारलंच नव्हतं," ती म्हणाली. "बापाच्या घरात मुलीची सही कशाला, असंच होतं. आता वकील म्हणतो लागते, म्हणून बोलावलंत. बोलावलंत तर सांगते. मी आज सही करणार नाही. नाही म्हणत नाही, आज नाही म्हणते. एक पावसाळा द्या मला."

वकील बरोबरच होता. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. तो मिळण्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही, हेही सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. आमच्या घराला कुठल्याच यादीचं संरक्षण नव्हतं. त्या दुपारी ते वाचलं आत्याने न केलेल्या सहीमुळे.

"आणि पावसाळ्यात शिडीवर कोण चढणार?" काकांनी विचारलं.

मला माहीत होतं, आता माझी पाळी. सहा वर्षांचं लोन डोळ्यांसमोरून गेलं. पाच तारीखही गेली.

"शाकारणीचा खर्च मी देते," मी म्हटलं. "आणि मे महिन्यात मी स्वतः येऊन उभी राहते. आठ दिवस. सुट्टी टाकते."

भाऊ स्क्रीनवरून म्हणाला, "निम्मे माझे." त्याला या घराचं काय एवढं, तो तर पाच वर्षांत आलेला नाही, असं मला वाटायचं. मोबाइल खाली ठेवण्याआधी तो म्हणाला, "झोपाळ्याचा आवाज ऐकव ना एकदा."

चोविसावा खांब

मे महिन्यात खरंच गेले. बॉसला कारण सांगितलं 'हाऊस रिपेअर', त्याला वाटलं मीरा रोडचं. आठ दिवसांत मी जे शिकले ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकले नसते. कौल उतरवताना खालून वर नाही, आढ्याकडून खाली यायचं. फुटकी वेगळी, चिरा गेलेली वेगळी, चांगली वेगळी. ओटीवरच्या भिंतीला दहा वर्षांपूर्वी आम्ही हौसेने सिमेंट फासलं होतं, तिथेच ओल सगळ्यात जास्त. जुन्या मातीच्या भिंतीला श्वास घ्यायला चुना लागतो. सिमेंटने आत शिरलेलं पाणी आतच अडकतं आणि शेजारचा खांब खालून कुजतो. आमचा एक खांब असाच वितभर गेला होता. सुतार डहाणूकडून आला. सत्तरीचा. त्याने कुजका भाग कापून खाली नवा सागाचा तुकडा सांध्याने बसवला. मुलगा हे काम करत नाही म्हणाला, तो फर्निचरचं करतो.

खर्च? माझे अडीच हप्ते गेले. या दिवाळीला नवा फोन नाही.

संध्याकाळी काम थांबलं की मी ओटीवर बसून यादी करायचे. आमच्या घराला कुणी यादीत घेत नाही ना, मग घराचीच यादी करू! टेप लावून खोल्या मोजल्या, वहीत नकाशा काढला. प्रत्येक दाराचा, कडीचा, केळफुलाचा फोटो. कुठलं लाकूड कधी बदललं, काकांना आठवेल तसं. गावठाणांचं ड्रोनने मोजमाप करून घरांना मिळकतपत्रिका देणारी केंद्राची स्वामित्व योजना एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली, ती चांगलीच आहे. पण ड्रोनला वरून फक्त कौलं दिसतात. कौलांखालचं आपणच लिहायचं.

शेवटच्या रात्री वही काकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला आणि पानं उलटली. शाळेत पेपर तपासायचे तसं, बोट ठेवून. मधेच थांबले.

"खांब तेवीस लिहिलेस."

"हो. दोनदा मोजले."

"चोवीस आहेत. एक देवघराच्या भिंतीत गाडलेला आहे. तुझे बाबा लहान असताना भिंत जाड केली, तेव्हा तो आत गेला. आता तो बघितलेला मीच उरलोय."

मी तेवीस खोडून चोवीस केलं. काकांनी वही परत दिली नाही. रात्री उशिरापर्यंत ओटीवरचा दिवा चालू होता, आणि सकाळी बघितलं तर तिच्यात त्यांच्या अक्षरात चार पानं वाढली होती.

पुढे काय? माहीत नाही. गिऱ्हाईकाने आमच्यासाठी थांबण्याचं कारण नव्हतं, त्याने गल्लीच्या टोकाचं घर घेतलं. ते घर आता नाही. आमच्या ओटीवरून तिथे मोकळं आकाश दिसतं, आणि ते बघताना बरं वाटत नाही. पावसाळा संपला की आम्ही परत ओटीवर बसणार आहोत. आत्या सही करेलही कदाचित, मीही करेन. मागची पट्टी विकून त्यातून पुढचं घर जपता येईल का, असं भावाने मेलमध्ये विचारलंय. कूरॉसचे पौंड त्याच्याही डोक्यात फिरतायत वाटतं!

पण एक झालं. जुलैत रात्री तीन वाजता फोन वाजला नाही. सकाळी आठला वाजला.

"रात्रभर धो धो होता," काका म्हणाले. "माळा कोरडा आहे."

तुमचंही असं घर असेल तर…

• कागद आधी. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा, मिळकतपत्रिका झाली असेल तर तीही. त्यावर नावं कुणाची आहेत ते बघा. आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद करून घ्या.

• सह्या मोजा. वारसांत आत्या, बहिणी, पुतण्या येतात. त्यांना कागद तयार झाल्यावर नाही, आधी विचारा.

• एका सुट्टीत घर मोजा. टेप, वही आणि मोबाइल एवढं पुरतं. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा, कारण गाडलेला खांब त्यालाच माहीत असतो.

• छप्पर सांभाळा. जुन्या घराचा मुख्य शत्रू पाणी. शाकारणी दरवर्षी मेअखेरीच्या आत उरका.

• माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधा, महाग वाटला तरी.

• आणि वर्षातून एकदा तरी पावसाळ्यात जा. घर तेव्हा खरं बोलतं.